बोरमाळेतली लाख

सराफानं काळ्या दगडावर मणी घासला, त्या पिवळ्या रेघेवर काचेच्या कांडीनं तेजाबाचा थेंब सोडला, आणि तो आंबट, जळका वास नाकातून थेट कपाळात गेला. माझ्या लेकीचं लग्न ठरलंय, म्हणून मावशीला घेऊन मी सोलापूरच्या सराफ बाजारात आले होते. मावशीची बोरमाळ लेकीसाठी दुरुस्त करून घ्यायची होती. दुकानात गारवा, काचेच्या पेट्या, कोपऱ्यात सोनं तपासायचं यंत्र. दागिना आत ठेवला की पडद्यावर आकडे उमटतात. पण मावशी ऐकेल तर शपथ! "यंत्र-बिंत्र ऱ्हाऊ द्या. दगड काढा की," असा तिनं हुकूमच सोडला, आणि मालकानं हसत हसत जुनी कसोटी बाहेर काढली. वास आला तसा तिनं पदर नाकाला लावला. तिचे डोळे कोरडे होते. झोंबत होते ते माझे.

हल्ली सोनं ओळखायचे धडे मोबाईलवर घरोघर येतात. पाण्यात टाका, चुंबक लावा, फरशीवर टाकून आवाज ऐका, दातांनी चावून बघा. हॉलमार्कचा शिक्का बघा, एवढं एक शहाणपणाचं. बाकीचं वाचलं की माझं डोकं सणकतं. अर्धवट पारख हाती आलेला माणूस आधी काय फोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कॉलेजसाठी मी तेव्हा सोलापुरात मावशीच्या घरी राहत होते. घरात ती, तिची सासू आणि तिचा नवरा. काका म्हणायला त्याला माझी जीभ आता वळत नाही, म्हणून तो नुसता 'तो'. मावशीचं माहेर मैंदर्गीचं. आज्जाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, अर्धं बोलणं कानडीत. कानडीत सोन्याला बंगार म्हणतात, आणि आज्जा मावशीला हाक मारायचा तीच मुळी 'बंगारा' अशी. लग्नात त्यानं तिला बोरमाळ घातली होती. बोरमाळेचे मणी दिसायला बोरासारखे टपोरे, पण भरीव नसतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली. लाख नसली तर मणी बोटानं चेपेल. हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारणं त्याच्या रक्तात नव्हतं. कट्ट्यावर चार रिकामटेकड्यांनी सोनं पारखायच्या युक्त्या शिकवल्या, झालं, रविवारी दुपारी जेवून उठल्यावर ह्या गड्यानं मावशीच्या गळ्यातली बोरमाळ मागून घेतली. तळहातावर तोलली. "हलकी लागतीय." शहाबादी फरशीवर आपटली. तिनं खणखणावं अशी त्याची अपेक्षा. लाख भरलेला मणी बोलणार काय, बद्द वाजला. मग एक मणी दाताखाली धरून करकचून चावला. मणी चेपून दाताचा खळगा उमटला, तशी आत सोनं नाही अशी खात्री पटून त्याची मुद्राच बदलली. तो स्वयंपाकघरात गेला आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आला. मावशी ओरडली, "आवं, आत लाख असतीया! फोडू नगा!" तोवर पहिला घाव बसलाही होता.

मणी फुटला आणि आतली काळपट लाल लाख फरशीवर सांडली. ती बघून त्याला जो चेव आला, तो मी जन्मात विसरणार नाही. "लाख निघाली! बघा, बघा ह्यांचं बंगार!" म्हणत तो एकेक मणी ठेचत सुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्याला वाटलं आपण आज्जाची मूठ उघडली. मावशी मणी वाचवायला आडवी पडली, तर त्यानं केस धरून तिला मागं ओढलं आणि तोंडावर मारलं. पालथ्या हातानं, मग सुलट्या हातानं, मग मुठीनं. मी त्याचा सदरा धरला. त्याच्या कोपराचा असा तडाखा बसला की मी भिंतीवर आदळले. मावशीच्या ओठातून रक्त आलं, आणि पुढच्या क्षणी तिनं त्याच्या मनगटात दात रोवले. तो बोंबलला तरी सोडेना. चावून पारखायचं ना? मग घे! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही, आजही होतो.

सासू दारातच बसली होती. तिच्या स्वतःच्या गळ्यात बोरमाळ होती, लाखेचीच. 'अरे, बोरमाळ अशीच असती,' एवढं एक वाक्य तिनं बोलायचं होतं. ती गळ्यातल्या मण्यांवर पदर ओढून घेऊन शेंगा निवडत बसली. त्यानं घेतलेल्या बत्त्याचा मला राग आहेच, पण त्या पदराचा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मावशीला ह्याच बाजारात आणलं. सुजल्या तोंडाची बाई भर रस्त्यातून पुढं, मागं हा, आणि मी तिचा हात धरून. "चल, चारचौघांत तुझ्या बापाचं पितळ उघडं पाडतो," असं बजावूनच तो निघाला होता. तेव्हाच्या म्हाताऱ्या सराफानं चपटा मणी असाच दगडावर घासला, तेजाब सोडलं. पितळेची रेघ असती तर फसफसून विरून गेली असती. ही जागची हलली नाही. "उत्तम सोनं आहे," म्हातारा म्हणाला. "मग आत लाख कशी?" ह्यानं आवाज चढवला. "अहो, बोरमाळेत लाख नाही, तर काय खवा भरतात?"

दुकानभर हशा पिकला. आणि तोही हसला, हो! मनगटावरचं फडकं सारखं करत म्हणाला, "चला, खरं हाय म्हणायचं. चल घरी, च्या टाक." मावशीनं ठेचलेले मणी एकेक करून रुमालात बांधले. मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "बोरमाळ कसोटीला उतरली. तुमी न्हाई उतरला." आणि आम्ही दोघी तिथूनच एसटी स्टँडवर गेलो. मैंदर्गीला आज्जानं तिचं तोंड बघितलं, 'बंगारा' एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यातच खाली बसला. पुढं तिनं शेंगाचटणी विकून पोट भरलं. उखळात मुसळ घालून चटणी कुटायला बसली की तिच्याजवळ जायची कुणाची छाती नसे. त्याच्या घरी मात्र ती परत कधी गेली नाही. सराफासमोरच्या तिच्या त्या वाक्याचा मी आयुष्यभर तोरा मिरवला.

तर आता मालक म्हणाले, "मणी गोल करून नवी लाख भरून देतो, ओळखूसुद्धा येणार नाहीत." मावशी म्हणाली, "भरा. पर ह्यो एक चपटाच ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "अगं, लग्नाच्या दागिन्यात शोभंल का ते?" "शोभायला कशाला पायजे? पोरगी इचारंल की, ह्यो असा का म्हणून. तवा सांग तिला."

"सांगेन की. बोरमाळ कसोटीला उतरली, तो न्हाई उतरला."

"त्ये नगं सांगू," ती तुटकपणे म्हणाली. "सोनं खरं निघालं म्हणून मी निघाले. ती रात मी त्याच्याच घरात काढली, सकाळी सराफ काय म्हंतोय त्याची वाट बघत. आणि खोटं निघालं असतं, तर? च्या टाकायला गेले असते की मी! पोरीला सांग, बत्ता उचलला की उठायचं. सोनं कसलं का असंना."

इतकी वर्षं जे वाक्य मी खणखणीत म्हणून जपलं, ते तिनं स्वतःच कधीचं पारखून बाजूला ठेवलेलं होतं. मालकानं फडक्यानं दगड पुसला, रेघ गेली, पुढचं गिऱ्हाईक खुर्चीकडे सरकलं. तो चपटा मणी मावशीनं माझ्या हातावर ठेवला. अगदी हलका आहे. लेकीच्या बोरमाळेत तो मी मधोमध ओवून घेणार आहे.