तीन पात्यांवरचं नाव

किन्हवलीचा आमचा वायरमन कानामागे टेस्टर खोचतो आणि दर वाक्याला ‘नाय का’ जोडतो. शहापूरच्या कॉलेजच्या अभ्यासिकेला मी पंखा दान केला, तोही तिन्ही पात्यांवर लाल अक्षरांत माझं नाव रंगवून. त्यानं तो बसवला, पण मजुरी घेतली नाही.

“पोरं शिकतान, तेवडाच आमचा हातभार, नाय का?”

मग त्यानं बटण दाबलं. माझ्या नावाचं नुसतं लाल कडं झालं.

“जरा हळू कर,” मी म्हणालो. त्यानं रेग्युलेटर एकवर आणला. तरी कडंच.

“काका, नाव वाचायचं तं पंखा बंदच ठेवावा लागल, नाय का? ठेवू?”

घामेजलेल्या पोरांनी माना वर केल्या. मी ‘नको’ म्हणालो. ते म्हणायला मला किती वेळ लागला, हे त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.