बिनगोंड्याचा हार

लिही दीपाली, मी सांगते तसं. जयवंता माझी सख्खी कुणी नव्हती, पण बहीणच म्हण. जामबागच्या फुलबाजारात माझी बेल-तुळशीची टोपली अन् शेजारी तिचं हारांचं दुकान. तोंड असं चालायचं बाईचं! गिऱ्हाईकानं भाव पाडला की म्हणायची, "भाऊ, फुलं फुकट ने, पण माझी बोटं परत दे."

नवरा लवकर गेला. एकच पोरगा, प्रकाश. तेव्हा घरोघरी केबलची तार नवीनच आलेली अन् गावाबाहेरच्या खडकांनाही सोन्याचा भाव. जमिनी बळकावायला पैलवान म्हणवणारे गुंड निघाले, पैलवानांना पोरं लागायला लागली. मल्लेश पैलवानानं प्रकाशला काळा चष्मा दिला, फिरवायला स्कूटर दिली. झालं, पोरगं हवेत!

पुढं मल्लेश जेलात गेला. सुटायच्या आधी प्रकाश म्हणतो, "आई, उस्ताद सुटतोय. असा हार कर, सगळा कोठी बाजार बघत राहील."

जयवंताला पोरांच्या बोलण्यातनं कळलेलं, उस्ताद बाहेर आला की एका माणसाला मारायचा बेत आहे अन् स्कूटर प्रकाशनं चालवायची. रडली, पाया पडली पोराच्या.

"आता नक्को म्हटलं तर मलाच संपवतील, आई," म्हणाला. तोंड एवढंसं झालेलं त्याचं.

मग तिनं हार केला. गुलाब, शेवंती, जरी, माणसाएवढा. रिक्षात दोघींच्या मांडीवर घेऊन आम्ही चंचलगुड्याच्या जेलला निघालो. वाऱ्यानं ओलं फडकं सरलं अन् मला दिसलं. आमच्यात जित्या माणसाच्या हाराला खाली गोंडा बांधायचा, मयताचा हार बिनगोंड्याचा.

"अगं जयवंता, गोंडा राहिला की!"

"राहू दे."

"मारतील गं तुला."

"मला मारू देत. त्याला तर हाकलतील."

जेलच्या दारात ताशे, फटाके. प्रकाशनं आईच्या कामाकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. ऐटीत हार घातला उस्तादाला. अन् ताशेवाल्याचा हात थांबला. "उस्ताद, ये तो मय्यत का हार है!"

दहा ताईत बांधून फिरणारा माणूस तो, पांढरा पडला. हार तोडला, प्रकाशच्या कानाखाली वाजवली. "मनहूस! फिर सूरत नक्को दिखा!"

जयवंता पुढं झाली. "हार मी केला, पैलवान. वय झालं, हात चुकला."

तो थुंकला अन् जीपमध्ये बसला.

प्रकाश आईशी बोलेना. ती भिंतीशी बोलायची, "भिंतीबाई, भाजीत मीठ कमी पडलं का गं?" भिंतीनं काय सांगावं! पोरगं गुमान जेवून उठायचं.

मग एक दिवस बातमी आली. त्या माणसाला भर रस्त्यात कापला. स्कूटर शेजारच्या गल्लीतल्या पोरानं चालवली, पोलिसांनी त्याला घरातनं उचलला. अजून मिसरूड नव्हतं फुटलं त्याला.

प्रकाश ताटावर बसलेला. घास हातातच राहिला.

"आई, तू मुद्दाम केलंस?"

"जेव आधी."

हुंदके देत जेवला गधडा. ती पाठीवर हात फिरवत अन् शिव्या देत बसली.

सकाळी दुकान त्याच्यावर सोपवलं अन् डब्यात पिठलं-भात घेऊन जयवंता त्या दुसऱ्या पोराच्या आईकडं गेली. दिवे लागेपर्यंत तिच्यापाशीच बसून होती.