चाचणीच्या फोल्डरमधला आवाज

अनय, सई, काल तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, दोन ओळींची स्क्रिप्ट, तिची कसली चाचणी?" हेच मी पूर्वी ऐकलंय, म्हणून लिहितेय.

आजोबा गेले त्या वर्षी पनवेलच्या घरी कॉम्प्युटरवरच्या जुन्या फायली पुसायला त्याने अशीच स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा, लिहिली होती. त्याच फायलींमध्ये आजोबांच्या आवाजाची रेकॉर्डिंगही होती, म्हणून मी 'चाचणी' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये त्यातल्या एकाची प्रत ठेवली आणि ती शिल्लक राहते का, हे आपोआप तपासणाऱ्या चार ओळी लिहिल्या.

"आधी इथे चालव."

"तू पापडसुद्धा आधी एकच तळून बघतेस," तो हसला, आणि थेट खऱ्या फोल्डरवर चालवली. माझ्या चहावर साय धरेपर्यंत आजोबांची सगळी रेकॉर्डिंग पुसली गेली होती.

तेव्हा चिडले होते, अजूनही चिडते.

चाचणीची ती प्रत मात्र आहे. तीत आजोबा विचारतात, "अगं, चहा झाला का?"