मला मिळालेला निरोप

मंडळी, आज मला कंपनीने निरोप दिला. सोमवारी मी परत कामावर आहे.

मानपाड्याच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते, पण पगारपत्रकावर मी वर्तकनगरच्या एजन्सीची. वर्ष भरायच्या आत आमचं कंत्राट संपवतात, चार दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्याने घेतात.

नव्या साहेबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कॅन्टीनमध्ये समोसे मागवले आणि "मेघाताईंसारखी माणसं आता मिळत नाहीत" म्हणत भाषण सुरू केलं. मी खुलासा करायला उठले, तर शेजारी बसलेल्या माझ्या सहकारी सुरेखाने हात दाबला. "गप गं, आधी समोसे येऊ देत."

आतून मी धास्तावलेच होते. यंदा एजन्सीचा फोन आला नव्हता. तो नेमका भाषणात वाजला आणि गडबडीत स्पीकरवर लागला. "मॅडम, सोमवारपासून जॉइन व्हा."

साहेब खूश. "अरे वा! कुठली कंपनी?"

"हीच."

साहेबांनी भाषणाचा कागद खिशात घातला. मग म्हणाले, "बरं झालं हो. मला स्टोअरमधलं काही सापडतच नाही."

परमनंट माणसाला स्वतःचं कौतुक ऐकायला रिटायर व्हावं लागतं. माझं आजच उरकलं. तुमच्या ऑफिसात हजर माणसाचं कौतुक कधी करतात हो?