जेन्ट्स कोणी आहे का?

आईचे डॉक्टर खोलीत नेहमी हसत यायचे. "काय आजी, जेवलात का?" विचारायचे, नाडी बघायचे आणि दारातून मागे वळून म्हणायचे, "जेन्ट्स कोणी आहे का? जरा बाहेर या."

दिवसरात्र उशाशी मी, पण सातपूरहून कंपनी सोडून धावत आलेल्या भावालाच त्यांनी बाहेर सांगितलं, "आता फार दिवस नाहीत. पेशंटला कळू देऊ नका."

संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या सायखेडा गावाला कळलं. जी मरणार होती, तिला तेवढं कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनंच विचारलं, "डॉक्टर, वणीच्या देवीची ओटी भरायची राहिली हाय. कधी जाऊ?"

"पुढच्या महिन्यात जा की, आजी!"

असं बोलताना माणसाची जीभ जराही अडखळू नये?

आई खुशीत मला म्हणाली, "ओटीची साडी आत्ता आणू नको. दुकानात मीच येते ना."