कडेनं घाला, दाजी

दाजींशी माझं शेवटचं बोलणं झालं ते फोनवर, आणि त्यात मी त्यांच्यावर खेकसलो होतो. दीड महिना झाला. तीन दिवस जोडून सुट्टी आली होती. मंचरला आमच्या घरी माझ्या मुलीला बघायला पाहुणे येऊन बसलेले, पोहे गार होत चाललेले. माझी अक्का आदल्या दिवशीच आली होती. तिचे यजमान, म्हणजे दाजी, राजुरीहून मोटारसायकलवर निघाले, पण दोन तास झाले तरी वाटेत कळंबच्या अलीकडेच अडकलेले. त्यांच्याशिवाय आमच्याकडे कुठलीच बैठक पुढं सरकत नसे. मी फोन लावला.

"रांग सरकंना राव. निम्मी मुंबई हितंच उभी हाय."

"अहो, तुमची गाडी दोन चाकांची आहे ना? कडेनं घाला की! सगळे घालतात."

ते म्हणाले, "बरं. येतो."

तसा हा माणूस आयुष्यभर मला वैताग देत आला. वायरमन होते. विजेच्या खांबावर सरसर चढायचे, पण रस्त्यावर काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर पोचले, कारण आळेफाट्यापासून उसाच्या ट्रॉलीमागून आले होते. पुढचं दिसत नव्हतं म्हणे! एकदा आम्ही दोघं घोडेगावला तहसील कचेरीत निघालो होतो. वाटेत माझा मित्र भेटला, मी म्हटलं, बस मागं. दाजींनी गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली. "तिघं बसणार असाल तर मी यष्टीनं येतो." भर चौकात पंधरा मिनिटं वाद घातला मी. शेवटी मित्रच बिचारा एसटीनं गेला. सुट्टीच्या दिवशी तर ते हायवेवर जायलाच तयार नसत.

त्या दिवशी मात्र त्यांनी माझं ऐकलं. पहिल्यांदाच. उभ्या गाड्यांच्या डावीकडून, मातीच्या पट्टीवरून ते निघाले, आणि एका कारमधल्या बाईला मळमळलं म्हणून तिनं मागचं दार उघडलं. एवढंच. दार हँडलला लागलं, गाडी आडवी झाली, हँडलचा दणका पोटाला बसला. हेल्मेटवर ओरखडा नाही. ते उठून बसले, त्या बाईनं दिलेलं पाणी प्यायले, वर तिलाच म्हणाले, "रडू नका ताई, चूक माझी." रक्तस्राव आतल्या आत होत होता. अॅम्ब्युलन्स त्याच रांगेत अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग भेटायला येणारे. "लई जोरात होते का?" "हेल्मेट नव्हतं का?" प्रत्येकाला उत्तर देऊन मी थकलो. दशक्रियेहून भावकीतले तिघं एकाच गाडीवर निघाले, डोकी उघडी. मी आडवा उभा राहून ओरडलो. "जवळच तर जायचंय, मामा," म्हणाले, आणि मला वळसा घालून गेले!

मी सगळ्यांना सांगत होतो, ट्रॅफिकनं माणूस खाल्ला. गेल्या रविवारी राजुरीला गेलो तेव्हा अक्कालाही तेच सांगायला लागलो, आणि तोंडातून निघालं वेगळंच.

"अक्का, मीच त्यांना..."

"मला ठावं हाय. शेजारीच बसले व्हते मी." ती तांदूळ निवडत राहिली. "मी तरी कुठं अडवलं तुला? मलाबी पावण्यांपुढं लाजच वाटत व्हती, उशीर झाल्याची."

निघताना तिनं माळ्यावरून एक हेल्मेट काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, नवं कोरं. एका भाऊबीजेला दाजींनी माझ्यासाठी आणलं होतं. डोकं तापतं म्हणून मी ते तिथंच टाकून आलो होतो. घातलं. हनुवटीखालचा पट्टा काही केल्या लागेना.

"असा न्हाई," अक्का वैतागून म्हणाली. "मान वर कर." तिनं पट्टा ओढला, खटका लावला आणि तो बसलाय की नाही ते दोनदा हिसडा देऊन पाहिलं... अगदी दाजी पाहत तसं.