पडद्याकडं पाठ

आमच्या बारामतीच्या डेअरीत कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस बोलता बोलता थांबायचा आणि समोरच्यानं ‘हं’ म्हटल्याशिवाय पुढं जायचा नाही.

त्याच्या प्रोग्रॅमला मात्र तेवढा धीर नव्हता. बाप-प्रोग्रॅम चिठ्ठ्या छापणाऱ्या पोर-प्रोग्रॅमला जन्माला घालायचा आणि खोट्या टर्मिनलमधून, म्हणजे पडदा-कीबोर्डाचं नुसतं सोंग घेतलेल्या वाटेनं, लगेच दुधाच्या फॅटचे आकडे सांगत सुटायचा. पोर ऐकायला तयार नसलं की आकडे हरवायचे, दूध उतरवायच्या चिठ्ठ्या निघायच्या नाहीत आणि पणदरे गावाहून आलेलं दूध गाडीतच उन्हात तापत राहायचं. तेही कधीमधीच. हा माणूस पडद्यासमोर निरखायला बसला की सगळं सुरळीत.

शेवटी पोरानं आधी ‘हं’ म्हणावं, मगच बापानं बोलावं, अशी सोय त्यानं केली. दूध वेळेवर उतरू लागलं. तरी एका सकाळी तो पडद्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसलेला दिसला.

“हे काय, राव?”

“मी बघतोय म्हणून चालतंय...” तो थांबला.

“हं.”

“...का खरंच सुधारलंय, कसं कळायचं?”

प्रिंटर खडखडत होता. “चाललंय की,” मी म्हणालो.

“तुमी बघताय न्हवं.”

मीही पाठ फिरवली. जरा वेळानं प्रिंटर थांबला. कागद संपला की आणखी काही झालं, हे बघायला दोघांपैकी कुणीच वळलं नाही.